प्रशीलची दिल्ली

अमळनेर
४ डिसेंबर २०२३

चि. मृणाली,

जय भीम. पत्र पाहून दचकू नकोस, इकडे कुणाला काही झालेलं नाही. फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. माझ्या कानांचं तुला माहीतच आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला, इंजिनांनी कान खाल्ले. आता यंत्र लावलं तरी फोनवर नुसती खरखर येते. समोरचा काय बोलला ते कळत नाही आणि मी मात्र ओरडून बोलतो. गल्लीतली माणसं खिडकीत येतात. त्यापेक्षा पत्र बरं.

लिहायचं ते असं. आम्ही दोघांनी दिल्लीला यायचं ठरवलं आहे. प्रशील तिथे इतकी वर्षं राहिला, जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची नोकरी केली, तुझ्याशी संसार मांडला आणि डेंग्यूच्या तापात तिथेच गेला. आम्ही मात्र एकदाही आलो नाही. तो बोलवायचा. मी म्हणायचो, रिटायर झाल्यावर येऊ. रिटायर झालो तर कोरोना आला. कोरोना सरला आणि तोच गेला. त्यालाही आता दोन वर्षं झाली.

लाल किल्ला, कुतुबमिनार यासाठी आम्ही येत नाही. वाटेत दिसलं तर बघू. आम्हाला तो जिथे राहायचा ती खोली बघायची आहे. भाजी कुठून घ्यायचा, कामाला कुठल्या बसने जायचा, ते बघायचं आहे. आणि पार्कातल्या जुन्या कबरीची भिंत त्याने दुरुस्त केली होती, ती. चुन्यात गूळ, बेलफळ आणि उडदाची डाळ घालतात, असं त्याने फोनवर सांगितलं तेव्हा तुझी सासू हसून हसून खाली बसली होती. "भिंतले उडीदनी दाय? मंग भितडं काय भाकरसंगे खातस का?" म्हणाली. ती भिंत तिला दाखवायची आहे.

आणि एवढ्या लांब येऊन अलीपूर रोडला, बाबासाहेबांनी जिथे देह ठेवला तिथे गेलो नाही, तर मला स्वतःलाच तोंड दाखवता येणार नाही.

म्हणून तू जरा नीट जुळवून दे. कुठल्या महिन्यात यावं, कुठे उतरावं, कुठे थांबावं. तुझ्या बँकेच्या कामात खोळंबा होऊ देऊ नकोस. तुझ्या धुळ्याच्या आईबाबांना माझा जय भीम कळव.

तुझा
आबा


मालवीयनगर, नवी दिल्ली
१६ डिसेंबर २०२३

ती. आबांना आणि आईंना,

सविनय जय भीम. तुमचं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि ते उघडायला घरी पोचेपर्यंत थांबता आलं नाही. बँकेच्या लिफ्टसमोर उभी राहूनच वाचलं. तुम्ही या, आबा. नक्की या.

पण आत्ता नको. इथे जानेवारीत धुकं असं पडतं की समोरचा माणूस दिसत नाही आणि गाड्या तासन् तास वाटेत उभ्या राहतात. फेब्रुवारीच्या शेवटी या. ऊन कोवळं असतं, बागांत फुलं असतात. तरी स्वेटर आणाच, सकाळी लागतो.

अमळनेरहून जळगावला येऊन दिल्लीची गाडी धरा. हजरत निजामुद्दीनला थांबणारी बघा. नवी दिल्ली स्टेशनची गर्दी आईंना झेपणार नाही. दोघांना खालचेच बर्थ मिळतील असं बघून रिझर्व्हेशन मीच इथून करते. मी फलाटावर असेन, तुमच्या डब्यासमोरच. मी दिसेपर्यंत जागचे हलू नका आणि कुणी टॅक्सीवाला बॅग उचलायला आला तर देऊ नका.

राहायचं म्हणाल तर माझ्या बँकेजवळ एक स्वच्छ गेस्ट हाउस आहे. तळमजल्यावरची खोली मिळेल. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, आईंच्या गुडघ्यांना त्रास होईल. प्रशील आणि मी राहायचो ती खोली मी गेल्या वर्षीच सोडली. पण घरमालकीण बाई चांगल्या आहेत, आपल्याला आत जाऊ देतील.

पहिला दिवस विश्रांती. दुसऱ्या दिवशी आपण त्याच्या बसने जाऊ. इथे बायकांना गुलाबी तिकीट मिळतं, फुकट. तुम्हाला एसटीवाल्याला गंमत वाटेल. तो भाजी शनिवारच्या बाजारातून घ्यायचा, रस्त्यावरच भरतो तो. भरताची वांगी मिळत नाहीत म्हणून दर शनिवारी भाजीवाल्याशी भांडायचा. "हमारे यहाँ का बैंगन देखोगे तो ये बेचना छोड़ दोगे," असं त्याला सांगायचा. तो भाजीवाला अजून तिथेच बसतो.

ती कबर मोठी नाही, आबा. दिल्लीत अशा शेकडो आहेत, घरांच्या मधोमध, पार्कांत. आत कोण पुरलंय ते कुणालाच ठाऊक नाही. लोक तिला नुसतं 'गुमटी' म्हणतात. पोरं तिच्या भिंतीवर स्टंप काढून क्रिकेट खेळतात. प्रशील चिडायचा आणि मग त्यांच्यातच खेळायचा.

अलीपूर रोडला मेट्रोने जाऊ. इथून थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही. स्टेशनांत लिफ्ट आहेत.

येताना आपल्याकडच्या दादर ज्वारीचं पीठ आणाल का थोडं? ज्वारीचं पीठ इथेही मिळतं, पण त्याला ती चव नाही. आईंच्या हातची भाकर खाऊन फार दिवस झाले.

तुमची
मृणाली


अमळनेर
२७ डिसेंबर २०२३

चि. मृणाली,

तुझं पत्र मिळालं. इतकं बारकाईने लिहिलंस की वाचतानाच फिरून आल्यासारखं झालं. फेब्रुवारीचं ठीक आहे.

गेस्ट हाउसचं वाचलं. जिन्याचं म्हणतेस ते खरंच असेल. पण बेटा, तू अवघडू नकोस. आम्ही दोघं म्हातारी माणसं तुझ्या खोलीत येऊन पडलो तर तुला जड जाईल, हे मला समजतं. मुलगा गेल्यावर सून कोण आणि सासरा कोण! गावात कुणी विचारलं तर मी सांगतो, सूनबाई पत्र लिहितात, विचारपूस करतात. तेवढं पुष्कळ आहे. आम्ही गेस्ट हाउसलाच राहू.

आता मी तुला एक गोष्ट सांगितली नव्हती ती सांगतो. तू तयारीने राहायला हवंस म्हणून.

तुझी सासू विसरायला लागली आहे. गेल्या पावसाळ्यात सुरू झालं. आधी गॅस चालू राहायचा, मग शेजारच्या कुंदाबाईचं नाव आठवेना. मी म्हणालो, वय झालं. मग एके दिवशी दुपारी दारात येऊन उभी राहिली आणि मला विचारते, "प्रशीलना फोन उना का?"

मी वेडा. मला वाटलं, आठवण करून द्यावी. मी म्हणालो, अगं, प्रशील गेला ना. मृणाली, ती जी किंकाळी फोडली तिने! तिला ते पहिल्यांदाच कळत होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला इथे आणलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तुला आठवत असेल. नुसती भिंतीला टेकून बसली होती. आता सगळी गल्ली गोळा झाली. कुंदाबाईने धरून ठेवलं. संध्याकाळी थकून झोपली, उठली आणि पुन्हा विचारते, "प्रशीलना फोन उना का?"

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा ती तशीच कोसळली. चौथ्यांदा माझ्या तोंडून निघून गेलं, "दिल्लीत शे. कामवर शे." ती "बरं" म्हणाली आणि जेवली. तेव्हापासून मी तेच सांगतो.

धुळ्याला डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या आहेत. ते म्हणाले, याला माघार नाही, सांभाळून घ्या.

फोनचंही खरं कारण हेच. रिंग वाजली की ती धावत येते. आणि तो दुसऱ्याच कुणाचा निघाला की तिचा चेहरा मला बघवत नाही. म्हणून फोन बंद करून ट्रंकेत ठेवला आहे.

आता ती रोज म्हणते, दिल्लीले चाला, मना आंडोरले भेटू. पोराला भेटायचा हट्ट किती दिवस टाळू? वाटलं, एकदा नेऊन आणावं. त्याची खोली बघेल, त्याची भिंत बघेल, कदाचित तिचा जीव निवेल. ती तुला विचारेल, प्रशील कुठे आहे. तू एवढंच म्हण, बाहेरगावी कामाला गेलाय, येईल. माझ्यासाठी एवढं कर.

आबा


नवी दिल्ली
८ जानेवारी २०२४

ती. आबा,

सविनय जय भीम. तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि त्यानंतर काउंटरवर बसले ते नुसत्या देहाने. इतके महिने तुम्ही एकट्याने हे सोसलंत आणि मला एका शब्दाने कळवलं नाहीत. मी रागावलेय. पण ते भेटल्यावर.

आईंना दिल्ली मी दाखवीन. हात धरून दाखवीन. पण आबा, 'तो येईल' हे माझ्या तोंडून निघणार नाही. तुम्ही मला समजून घ्या. तो गेल्यावर कित्येक महिने मी स्वतःलाच हे सांगत होते. साइटवर गेलाय, उशीर होईल, येईल. दोघांचा चहा टाकायचे. दार आतून लावायचे नाही. त्याच्या चुन्याने माखलेल्या बुटांवरून रोज हात फिरवायचे. माझ्या धुळ्याच्या आईने येऊन ते बूट बांधून नेले, तेव्हा मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्यातून मी बाहेर कशी आले ते माझं मला ठाऊक. पुन्हा त्या दारातून आत गेले तर मला परत येता येणार नाही. आईंनी विचारलं तर मी गप्प बसेन, पण 'येईल' म्हणणार नाही.

आणि आता माझं. जिन्याचं कारण खोटं नाही, पण ते खरं कारणही नाही. तुम्ही 'सून कोण आणि सासरा कोण' असं लिहिलंत, ते वाचून फार लागलं. तुम्ही मला जड नाही, आबा.

मी लग्न करतेय. त्यांचं नाव जितेंद्र. दोंडाईचाचे आहेत, माझ्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत. प्रशीलला त्यांनी कधी पाहिलेलं नाही, पण माझ्याकडून इतकं ऐकलंय की कधीकधी तेच मला सांगतात, "हे प्रशीलला आवडलं नसतं." मे महिन्यात धुळ्याला नोंदणी करायचं ठरतंय. माझ्या खोलीत आता त्यांची पुस्तकं आहेत, खुंटीवर त्यांचा कोट असतो. तुम्ही आणि आईंनी आत पाऊल टाकावं आणि तो कोट दिसावा, हे मला नको होतं.

हे तुम्हाला मी स्वतः येऊन सांगणार होते. दरवेळी वाटायचं, आणखी थोडं थांबावं. तुमच्याकडे आता एकच मुलगी उरलीय असं मला वाटत होतं, आणि तीही चालली, असं तुम्हाला वाटेल याची भीती होती.

तुम्ही म्हणाल तर जितेंद्र त्या आठवड्यात समोर येणार नाहीत. ते तसं म्हणालेच आहेत. तुम्ही म्हणाल तसं.

मृणाली


अमळनेर
२४ जानेवारी २०२४

चि. मृणाली,

पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. पोस्टाचा दोष नाही. रोज लिहायला बसायचो आणि उठायचो.

एक दिवस बोरी नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. कठड्यापाशी उभा राहिलो. पाणी नव्हतंच फारसं. मला वाईट वाटलं, मृणाली. हे तुला खोटं लिहून काय उपयोग? तुझं लग्न होणार याचं वाईट नाही वाटलं. तुझ्या नावापुढे त्याचं नाव होतं, आता तेही जाणार, याचं वाटलं. माणूस जातो तेव्हा एकदाच जातो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. त्याचं रेशनकार्डावरचं नाव कमी केलं तेव्हा तो पुन्हा गेला होता. आज आणखी थोडा गेला.

पण घरी परत येताना मनात आलं, तू तिशीतली पोर, दार न लावता बसत होतीस परक्या शहरात, आणि इथे आम्हाला कुणाला त्याचा पत्ता नव्हता. तो कोट तुझ्या खुंटीवर लागला ते बरं झालं.

जितेंद्ररावांना म्हणावं, लपू नका. स्टेशनवर या. माझ्याकडे दोन बॅगा, पिठाची पिशवी आणि तुझी सासू. एका माणसाचं काम नाही ते.

आणि तू खोटं बोलू नकोस. तुझं म्हणणं मला पटलं. तिने विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव. मला सवय झाली आहे.

तू पाठवलेली तिकिटं मिळाली. खालचे बर्थ आहेत. तुझ्या सासूने आतापासून पिशवी भरायला घेतली आहे. मी रोज संध्याकाळी ती रिकामी करतो, ती सकाळी पुन्हा भरते. त्यात प्रशीलचा शाळेतला स्वेटर असतोच. म्हणते, तठे थंडी राहस.

आबा


अमळनेर
१० मार्च २०२४

चि. मृणाली,

आम्ही सुखरूप पोचलो. तुम्ही दोघांनी जे केलंत त्याचे आभार मानले तर तू चिडशील. म्हणून मानत नाही. जितेंद्ररावांना सांग, मेट्रोच्या सरकत्या जिन्यापाशी ती घाबरली तेव्हा त्यांनी पाठीला हात लावला आणि "अक्का, आपण लिफ्टने जाऊ" म्हणाले, ते मी विसरलेलो नाही. स्टेशनवर तिने त्यांना "तू कोना आंडोर?" म्हणून विचारलं तेव्हा मी बॅगा तिथेच ठेवून पुढे झालो. वाटलं, आता ती त्यांनाच प्रशील म्हणते की काय. तसं झालं नाही. बाहेरच्या गोष्टी विसरते, पण आपलं पोर कोणतं नाही हे तिला बरोबर कळतं.

आता इथलं ऐक. ती विचारत नाही.

जुन्या खोलीत काय झालं ते तू पाहिलंसच. घरमालकीण चहाचं विचारत होती आणि ही तिच्याकडे न बघता आत गेली. स्वयंपाकाचा ओटा बघितला, मोरी बघितली, तिथे राहणाऱ्या मुलीचं कपाटसुद्धा उघडायला गेली. मग मधोमध उभी राहून म्हणाली, "तो आठे नही शे." मला वाटलं, आता विचारेल, मग कुठे शे? मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी अलीपूर रोडला हात जोडून इतका वेळ शांत उभी राहिली की मला वाटलं, थकली असेल. आणि गुमटीजवळ जितेंद्रराव आणि मी चहा आणायला गेलो, परत आलो तर तुम्ही दोघी भिंतीला टेकून बसला होता. तेव्हापासून तिने त्याचं नाव काढलेलं नाही.

गाडीत खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर मी मुद्दाम फोन ट्रंकेतून काढून टेबलावर ठेवला. गॅस एजन्सीचा फोन आला. रिंग तिला ऐकू आली, तिने माझ्याकडे पाहिलं, पण ती जागची उठली नाही. मृणाली, मी उठलो. धावत उठलो. तेव्हा माझं मलाच कळलं.

रोज ती विचारायची आणि मी सांगायचो, दिल्लीत शे. सांगून सांगून तो मलाही दिल्लीत असल्यासारखा वाटायला लागला होता. तिच्यासाठी खोटं बोलतो म्हणता म्हणता मी त्याच खोट्यावर जगत होतो. आता घरात त्याचं नाव घ्यायला कुणी नाही. जेवायला बसतो तेव्हा मी वाट बघतो, ही आता विचारेल. ती निमूट जेवते. मध्येच मान वर करून माझ्याकडे बघते, एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तशी. मी बघितलं की नजर फिरवते.

त्या भिंतीपाशी ती तुझ्याशी काही बोलली का? काही बोलली असेल तर मला सांग. कसलंही असलं तरी सांग.

आबा


नवी दिल्ली
१९ मार्च २०२४

ती. आबा,

हो, बोलल्या. मी तुम्हाला तिथे सांगितलं नाही, कारण त्यांनी मला शपथ घातली होती. तेव्हापासून मी विचार करतेय की ती मोडावी की नाही. तुमचं पत्र वाचून मोडते.

तुम्ही दोघं चहाला गेलात. आई भिंतीपाशी उभ्या होत्या. मी त्यांना दाखवलं, इथून इथपर्यंतचा चुना प्रशीलच्या हातचा. खालचा जुना काळसर आणि हा उजळ, बघा. त्यांनी तळहात टेकवला. लहान मुलाचा ताप बघतो ना आपण, तसा. बराच वेळ तो हात तसाच होता. मग खाली बसल्या, मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "तू मृणाली. मना प्रशीलनी बायको."

मी हो म्हणाले. स्टेशनवर भेटल्यापासून त्यांनी माझं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते, आबा. लग्नात मला पहिल्यांदा पाहिलं होतं तसे.

त्या म्हणाल्या, "तो गया ना?"

मी तुम्हाला लिहिलं होतं की गप्प बसेन. पण त्या नजरेसमोर गप्प बसणंही खोटं झालं असतं. मी म्हणाले, "हो आई. गेला."

मी त्यांना धरायला हात पुढे केले होते. मला वाटलं, तुम्ही लिहिलंत तसं होईल. पण त्या ओरडल्या नाहीत. मान हलवली, जसं काही त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती. पदराने माझेच डोळे पुसले. मग तुम्ही गेलात त्या रस्त्याकडे बघितलं आणि माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "यास्ले सांगू नको. यास्ले अजून माहीत नही. रोज मले सांगतस, दिल्लीत शे म्हनीसन. यास्ले कळनं तर यास्ना जीव निघी जाई. तुले मनी शपथ."

तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात. आईंनी कप घेतला आणि तुम्हाला म्हणाल्या, "गयरा गोड शे." तुम्ही हसलात.

आबा, तुमच्याकडे त्या आजारी माणसाकडे बघितल्यासारखं बघतात असं तुम्ही लिहिलंत. त्या तुम्हाला जपताहेत. तुम्ही त्यांना जपत होता तसंच. बाकी किती गोष्टी त्यांच्या हातून निसटल्या, पण एवढी त्यांनी घट्ट धरून ठेवलीय. म्हणून त्या नाव घेत नाहीत.

याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मला ते ठरवता येत नाही.

मृणाली


अमळनेर
२ एप्रिल २०२४

चि. मृणाली,

तुझं पत्र वाचून मी ते घडी करून खिशात ठेवलं आणि दिवसभर अंगणात काहीतरी करत राहिलो. ओसरीच्या तुळईला टेकू दिला, सायकलची चेन काढून घासली. घरात जायचा धीर होत नव्हता. ती दोनदा दारात येऊन बघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. आपल्या भाषेतच म्हणालो, "द्रौपदे, आपला प्रशील गया. मले माहीत शे."

तिच्या हातातला लसूण खाली पडला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मला विचारते, "तुमले कोनी सांगं?"

एवढंच, मृणाली. तो गेला का, कधी गेला, कसा गेला, काही नाही. मला ते कुणी सांगितलं, याचाच तिला राग आला होता. माझं तोंड वेडंवाकडं झालं आणि मी रडायला लागलो. दोन वर्षांत मी रडलो नव्हतो. त्याला आणलं तेव्हा गाडी, कागदपत्रं, येणारी-जाणारी माणसं, सगळं मलाच बघायचं होतं. नंतर तिला सांभाळायचं होतं. त्या दिवशी दुपारी मात्र लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. माझा आवाज किती मोठा होता ते मला ऐकू येत नव्हतं.

तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. पाठीवरून हात फिरवत होती. माझ्या बऱ्या कानाशी वाकून म्हणाली, "रडी ल्या. मी शे ना." आणि मग तीही रडली. त्या किंकाळीसारखं नाही. हळूहळू, बराच वेळ.

माझा आवाज ऐकून कुंदाबाई धावत आली, तिच्यामागे गल्लीतल्या दोघीतिघी. त्यांना वाटलं, हिला काही झालं. तुझी सासू उठली, डोक्यावर पदर घेतला आणि दारात जाऊन त्यांना सांगितलं, "आमना आंडोर गया. दिल्लीले व्हता. यास्ले आज कळनं."

मला वाटलं, कुणीतरी आता म्हणेल, अहो अक्का, त्याला दोन वर्षं झाली. कुणी म्हणालं नाही. कुंदाबाईने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली. बाकीच्याही बसल्या. संध्याकाळपर्यंत माणसं येत राहिली. प्रत्येक जण प्रशीलबद्दल काही ना काही बोलत होता. लहानपणी कडुलिंबाच्या झाडावर चढून उतरता येईना म्हणून कसा ओरडत होता, ते कुणीतरी सांगितलं. ती सगळं ऐकत होती, मध्येच हुं म्हणत होती. गेल्या वेळी तिला यातलं काहीच ऐकता आलं नव्हतं.

त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण आणायचं असतं तसं कुंदाबाईने पिठलं आणि भाकरी आणल्या. आधी तुझ्या सासूला वाढलं. तिने ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "आधी यास्ले द्या. यास्ना आंडोर गया शे." मी जेवावं म्हणून तिने पहिला घास मोडून माझ्या हातात दिला. मग आम्ही दोघंही जेवलो.

आज सकाळी तिच्या लक्षात आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

तुझा
आबा